गप्प केलेलं इंजिन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, बहिणीला तर नाहीच — तिच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमचं आमच्या घरी येणं-जाणं नाही.

जालना रोडवर, करमाडच्या अलीकडं आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे माझं आणि सुभाषचं, माझ्या नवऱ्याचं. आता आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक गाड्यांना आधी कॉम्प्युटर जोडायचा असतो. ते काम मी शिकले. सुभाषचं काम वेगळं होतं. तो टॅपेट बसवायचा.

टॅपेट म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनाच्या वॉल्व्हवर, म्हणजे आतल्या झडपेवर, तिला दाबणारा एक छोटा दांडा असतो, तोच टॅपेट. जुन्या इंजिनात त्या दोघांमध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते, कारण लोखंड तापलं की वाढतं. फटीत पोलादाची पातळ पाती सरकवायची, तिला हलकी ओढ लागेपर्यंत स्क्रू फिरवायचा. फट सैल असली तर इंजिन टिकटिकतं. घट्ट झाली तर छान शांत चालतं — पण तापल्यावर वॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. आताच्या बऱ्याच गाड्यांत ती फट तेलाच्या दाबानं आपोआप राखली जाते. स्क्रूच नाही. मग स्क्रू फिरवणाऱ्यानं काय करायचं?

सुभाष पाती वापरायचा, पण खरं काम कानानं करायचा. इंजिन चालू करून मान तिरकी करून उभा राहायचा. त्याच्या मते ते बोललं पाहिजे. "बोलतंय तवर जगतंय," असं म्हणायचा. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांचे टॅपेट तर तो आणखी थोडे सैल ठेवायचा, गॅसवर वॉल्व्ह जास्त तापतात म्हणून. मला हे कसं माहीत? त्यानंच शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझा हात हातात धरून पातीची ती ओढ दाखवली होती. आमच्या लग्नात लाडाचे प्रकार फार नव्हते. हा एक होता.

मुद्द्यावर येते. टाळतेय, हे मलाही कळतंय.

देवगाव रंगारीचे एक निवृत्त गुरुजी होते. जुनी गाडी, गॅसवर चालणारी, जिवापाड जपलेली. सुभाषशिवाय कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, आणि दर वेळी गाडी नेताना टोमणा मारायचे. "वहिनी, बोनटखाली शिवणयंत्र बसवलंत का हो? गावात शिरलो की बाया ब्लाउजचं माप घेऊन येतात!" मग दुसऱ्या दिवशी परत यायचे, आवाज कमी करा म्हणून. सुभाष हसून त्यांना चहा पाजायचा, समजावायचा. अर्धा दिवस जायचा. मी मागं उभी राहून चडफडायची.

त्या दिवशी सकाळी सुभाषनं त्यांचे टॅपेट बसवले आणि पुतणीच्या लग्नाचे कपडे घ्यायला गुलमंडीला गेला. गुरुजी दुपारी येणार होते. मी इंजिन निवू दिलं. वरचं झाकण काढलं. आणि एकेक करून सगळे स्क्रू थोडे थोडे आवळले. रागानं नाही. नीट, पाती लावून, त्यानं शिकवलं तसं.

गुरुजी खुश होऊन गेले. मीही खुश होते — खोटं कशाला बोलू?

काही आठवड्यांनी गाडी कन्नडच्या घाटात दम टाकून थांबली. टेम्पोला बांधून आमच्याकडं आणली. सुभाषनं इंजिन उघडलं. वॉल्व्हची कड उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी झाली होती. गुरुजी बिचारे चांगल्या मनानं म्हणाले, "पण सुभाषराव, या टायमाला लई शांत बसवली होती हो तुम्ही."

 ते गेल्यावर सुभाष वॉल्व्ह हातात घेऊन माझ्यासमोर आला.

"अगं, त्या दिवशी मी गुलमंडीला निघालो तवा गाडी बोलत होती ना? तू हितंच होतीस. ऐकलंस ना?"

त्याला माझ्याकडून एक शब्द हवा होता. 'हो.'

मी म्हणाले, "नाही बाई. मला तर शांतच वाटली."

स्क्रू आवळले ती चूक होती, चुका होतात. हे वाक्य चूक नव्हतं. ते बोलताना मला पक्कं माहीत होतं, मी काय करतेय. वर आणखी जोडलं — "वय झालं की होतं असं." तेव्हा माझ्या मनात काय होतं, तेही सांगून टाकते. वाटलं, बरं झालं. आता तो जुन्या गाड्यांचा नाद सोडेल.

सोडला. वॉल्व्ह नवा बसवून दिला, टॅपेट मात्र दुसऱ्या मिस्त्रीला बोलावून बसवून घेतले. घरातही विचारायला लागला — कुकरची शिट्टी झाली का गं? दारावर कुणी आलं का? मी त्याला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. स्कूटरवर मागं बसून सुभाष म्हणाला, "त्यांनी पीं-पीं ऐकवलं. टॅपेट थोडाच ऐकवला?" मी हसले. तोही हसला. सिग्नल लाल होता, पुरेसा वेळ होता. मी समोर बघत राहिले.

आता तो टायर आणि एसीची कामं करतो. वाईट चाललंय असं नाही. संध्याकाळी माझ्यासाठी चहा करतो, आलं जास्त घालतो, मला आवडतं म्हणून. पण कुठलंही इंजिन चालू झालं की दोन पावलं मागं सरकतो.

गेल्या महिन्यात करमाडचा एक माणूस जुनी गाडी घेऊन आला. कुणाकडून तरी सुभाषचं नाव ऐकून आला होता. गाडी चालूच होती. सुभाष थोडा वेळ उभा राहिला, मान जराशी तिरकी झाली — मी पाहिली — आणि मग त्यानं हात खिशात घातले.

"न्हाई हो. मला नीट ऐकू येत नाही आता."

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. सुभाषनंही पाहिलं.

मी त्या माणसाला जुन्या शहरातल्या दुसऱ्या मिस्त्रीचा पत्ता सांगितला. कुठल्या चौकातून वळायचं, तेही सांगितलं.