दोन पडद्यांवर एकच गल्ली

सुगंधा मांडवकरचं काम सांगायला सोपं होतं, पण ऐकणाऱ्याला पटायचं नाही. आकाशातून काढलेल्या फोटोंत ती परमुलखातल्या घरांची छपरं बघायची. डाव्या मॉनिटरवर गेल्या वर्षीचा फोटो, उजव्यावर यंदाचा. एकेक छप्पर दोन्हीकडे ताडून पाहायचं. फरक दिसला तर त्याच्याभोवती रेघ ओढून ‘बदल’वर टिचकी मारायची; नाही दिसला तर ‘बदल नाही’. शहराचं नाव कधी कळायचं नाही, नुसता नंबर यायचा.

आई होती तेव्हा म्हणायची, “म्हणजे लोकांच्या घरावर नजर ठेवायचा पगार मिळतो तुला?”

“हो. तू गॅलरीतून ठेवतेस तशीच. मी फक्त जरा वरून.”

आई गेली आणि शांती नगरातल्या त्या दोन खोल्या एकट्या सुगंधाच्या झाल्या. परळची खोली सोडून मायलेकी इथे आल्या, तेव्हा एवढ्या जागेत काय काय ठेवू असं झालं होतं. आता ती संध्याकाळी एकाच खोलीतला दिवा लावायची.

पण दिवस बरा जायचा, कारण अंधेरीचं ऑफिस होतं आणि शेजारच्या खुर्चीवर आशा होती. आशाला गप्प बसून काम करता यायचंच नाही.

“सुगंधा, तुझ्या हिरव्या छपरावाल्यांनी मागच्या अंगणात पोहायचा तलाव खणला बघ.”

“खणू दे. पाचोळा काढताना कळेल.”

“आणि ह्यांनी गाडी बदलली. पोरीचं लग्न जमलं असणार.”

ज्या माणसांचा केसही दिसत नव्हता त्यांची लग्नं, भांडणं, म्हातारपणं दोघींनी जमवली होती. डब्याच्या वेळेला त्यांच्याविषयी अशा बोलायच्या की नवीन माणसाला वाटावं, नात्यातल्याच कुणाविषयी चाललंय.

मग मालकाने भाड्याचा हिशेब केला आणि ऑफिस बंद केलं. ज्यांना घरून काम करायचंय त्यांना लॅपटॉप आणि आपापल्या टेबलावरचे दोन मॉनिटर मिळणार होते. आशाने नाही म्हणून सांगितलं. सुनेचे दिवस भरत आले होते. घरात बाळ येणार म्हटल्यावर छपरं कोण बघतं! सुगंधाने हो म्हटलं. ऑफिसच्या टेम्पोने खोकी काशीमीऱ्याच्या नाक्यावर उतरवली. तिथून रिक्षात खोक्यांच्या मधे अंग चोरून बसून ती घरी आली. एवढं सामान घेऊन कोण आलं म्हणून दार उघडून बघायला घरात कुणी नव्हतं.

सुपरवायझर अभिनवने फोनवर बजावलं, “मॅडम, आधी एक सरावाची बॅच करून पाठवा. ती नीट आली तरच रेग्युलर काम. दोन स्क्रीन मस्ट आहेत हां, त्याशिवाय क्लायंट बसू देत नाही.”

ऑफिसात जाडजूड सीपीयूला दोन्ही मॉनिटरच्या वायरी लागायच्या. लॅपटॉपला मात्र तसं भोक एकच. सुगंधा कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

“भैया, लॅपटॉप को दो मॉनिटर लगाने का है. अॅडॅप्टर मिलेगा?”

“दो मॉनिटर? ये ले जाओ मॅडम. एक वायर अंदर, दो बाहर. पाच मिनट का काम.”

खरंच पाच मिनिटांचं काम निघालं. अभिनवने सांगितल्याप्रमाणे तिने लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला, ऑफिसचा कीबोर्ड आणि माउस जोडला, आणि दोन्ही मॉनिटर एकदम उजळले. सुगंधाला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने म्हणाली, “आले गं!” खोलीत आवाज उमटला आणि तिचा तिलाच परका वाटला.

बॅच एका गल्लीची होती. लाल कौलांची बैठी घरं, दोन्ही बाजूंनी झाडं, टोकाला एक गोल चौक. ती नेहमीसारखं ताडत गेली. पहिलं घर, बदल नाही. दुसरं, बदल नाही. एका पडद्यावर बाण फिरवला की दुसऱ्यावरही तो त्याच जागी फिरत होता. पण ऑफिसातही दुसऱ्या पडद्यावर एक बारीक फुली अशीच मागोमाग सरकायची. नव्या लॅपटॉपवर फुलीऐवजी बाण येत असेल, असं तिने धरलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात वर्ष लिहिलेलं असतं, पण इतक्या वर्षांत ते वाचायची वेळ कधी आली नव्हती. डावं ते गेलेलं, उजवं ते आत्ताचं, हे तिच्या मानेलाच पाठ होतं.

गल्ली सरत आली तरी बदल सापडेना. कुणी माळा चढवला नव्हता, पत्रा बदलला नव्हता, झाड तोडलं नव्हतं. एका अंगणात दोरीवर काही पांढरं वाळत होतं; तेही दोन्ही वर्षी त्याच जागी. अशी गल्ली तिने कधी पाहिली नव्हती. एरवी तिला शंका आली असती. त्या दुपारी मात्र तिला ते फार बरं वाटलं. कुठेतरी एक गल्ली आहे, जिथून वर्षभरात कुणी गेलं नाही. हे आशाला सांगावं म्हणून तिने फोन लावला. आशा म्हणाली, “थांब हं, बाळाला मालीश करणारी बाई आलीय, मग करते.” तो फोन काही आला नाही. सुगंधाने बॅच पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी अभिनवचाच फोन आला.

“मॅडम, हे काय? सगळीकडे बदल नाही?”

“नाहीच आहे. मी दोनदा पाहिलं.”

“अहो, अख्खी गल्ली पाडलीय तिथे. यंदाच्या फोटोत नुसतं मैदान आहे. तुम्ही काय बघत होतात?”

सुगंधाने मान वळवून मॉनिटरकडे पाहिलं. दोन्हींच्या कोपऱ्यात गेल्याच वर्षाचा आकडा होता.

“मॅडम, तुम्ही जुन्या आहात म्हणून थांबतोय,” अभिनवचा आवाज खाली आला. “शनिवारी सकाळी मी ऑनलाइन तुमचा सेटअप बघतो. तेव्हा दोन स्क्रीनवर दोन फोटो दिसले पाहिजेत. नाहीतर काम दुसऱ्याला द्यावं लागेल, माझ्या हातात नाही.”

दुकानदाराने हात वर केले. “आपने बोला दो मॉनिटर. दो चालू हुआ ना?” त्याचंही खोटं नव्हतं. ती परत आली आणि जिन्यात उभी राहिली. समोरच्या फ्लॅटमधल्या जितेशभाईंकडे शेअर बाजाराचे दोन मोठे पडदे होते. दार उघडं असलं की त्यांवरचे हिरवे-लाल आकडे तिला दिसायचे. पण उठून कुणाची बेल वाजवावी अशी सवय तिला नव्हती. काम गेलं तर काय, हा विचार घरात आईच्या फोटोपाशी तिला नीट करता आला नाही. तो जिन्यात झाला. तिने बेल वाजवली.

दार उघडताच जितेशभाईंचा चेहरा उतरला. “सुगंधाबेन! क्या हुआ? सब ठीक?”

याआधी तिने ही बेल वाजवली होती ती आई गेली त्या पहाटे.

“ठीक है, ठीक है. वो मॉनिटर का… आप जरा देखोगे क्या?”

त्यांनी येऊन दुकानातून आणलेली ती डबी हातात घेतली आणि हसायलाच लागले. “अरे बेन, ये तो स्प्लिटर है! अपने यहाँ कथा में मंडप के दोनों साइड टीव्ही लगाते हैं ना, ये उसका है. महाराज एक, दोनों टीव्ही में वही महाराज.”

सुगंधालाही हसू आलं. “मैं दिनभर महाराज को देख रही थी.”

“लॅपटॉप दिखाओ.” त्यांनी तो हातात घेऊन कडेने फिरवला. “देखो, एक मॉनिटर सीधा इस एचडीएमआय में. दुसरे के लिए ये जो छोटा सी टाइप का होल है, उसमें सी टाइप टू एचडीएमआय अॅडॅप्टर लगेगा. पण होल दो हैं. एक सिर्फ चार्जिंग का है. जिसके बाजू में छोटी स्क्रीन का निशान है, पिक्चर उसी में से आयेगा. फिर सेटिंग में डुप्लिकेट नहीं, एक्स्टेंड करने का. बस.”

तिने चहा ठेवला. साखर जास्त झाली, कारण दोन कपांचं माप हातातून गेलं होतं. चहा पिता पिता जितेशभाईंनी पडद्यावरच्या गल्लीकडे बोट केलं. “कौनसा गाँव है?”

“पता नहीं. नंबर आता है.”

“इतने साल से देखते हो और पता नहीं?” ते म्हणाले, आणि बाजार उघडा असल्याने कप घाईने खाली ठेवून निघाले. “कुछ लगे तो बोलना.” दार लागल्यावर सुगंधाने दोन्ही कप विसळून शेजारी शेजारी पालथे घातले.

शनिवारी अभिनव ऑनलाइन आला तेव्हा निशाणवाल्या भोकात नवा अॅडॅप्टर होता. तिने स्वतःच ‘एक्स्टेंड’ निवडलं. क्षणभर दोन्ही पडदे काळे झाले. काम राहणार की जाणार ते आता समोर यायचं होतं. मग डावीकडे लाल कौलांची गल्ली आली आणि उजवीकडे माती.

सगळीच माती. झाडंही नव्हती. ट्रकच्या चाकांच्या खुणा तेवढ्या वळणं घेत गेलेल्या, आणि चौक होता तिथे एक फिकट गोल.

“हां, आता बरोबर!” अभिनव म्हणाला. “परफेक्ट, मॅडम. चला, दोन-चार करून दाखवा.”

तिने पहिल्या घराभोवती रेघ ओढली. बदल. दुसऱ्याभोवती. बदल. हात सराईत होता, कुठे अडला नाही.

“झालं. काम तुमचं. सोमवारपासून बॅच येतील.”

“मग महिन्यातून एकदा वगैरे यायचं असेल ना कुठे? मीटिंगला?”

“कशाला? आता कुठेच यायला नको. बॅच उतरवायच्या, करून पाठवायच्या. काही चुकलं तरच मी फोन करीन.”

सुगंधा म्हणाली, “बरं.” मग तो फोन ठेवेल म्हणून घाईने विचारलं, “एवढी सगळी कुठे गेली असतील हो?”

“कोण?”

“माणसं. या गल्लीतली.”

पलीकडे कुणीतरी अभिनवला हाक मारत होतं. “ते आपल्याकडे नसतं, मॅडम,” तो म्हणाला. “आपल्याकडे फक्त छपरं.”

फोन बंद झाला. नव्या बॅच सोमवारी यायच्या होत्या, सरावाची ही पुरी करायची घाई काहीच नव्हती. तरी सुगंधाने खुर्ची पुढे ओढली. डावीकडे ते दोरीवरचं पांढरं अजून वाळत होतं. तिने उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं, आणि त्या घराभोवती सावकाश रेघ ओढायला घेतली.