आठ जीबी पुरेल का

बेळगावातल्या दुकानात काउंटरवर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्हींत ग्राफिक्स कार्ड होतं. एक आधीच्या पिढीचं, बारा जीबी मेमरीचं. दुसरं नव्या पिढीचं, आठ जीबीचं. किंमत जवळपास सारखी.

कार्ड धाकट्या भावासाठी हवं होतं. निपाणीजवळच्या आमच्या गावी बसून तो अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं संगणकावर तयार करतो. काम बेंगळूरच्या एका स्टुडिओचं. त्यांचे प्रकल्प मोठे होत गेले आणि भावाचं जुनं मशिन मागे पडलं. स्टुडिओने सांगितलं होतं, घरच्या मशिनवर झेपत असेल तर करा, नाहीतर इथे येऊन बसा.

तो जाऊ नये अशी माझी इच्छा होती. कारण आप्पा.

आमच्या घरात दोन्ही भाषा चालत. आजी चिकोडीकडची, ती कन्नड बोलायची. बाजार आणि शेजार मराठी. आप्पांनी मला मराठी शाळेत घातलं आणि भावाला कन्नड. कुणी विचारलं की म्हणायचे, "सरकार ह्यांचं राहू दे न्हायतर त्यांचं येऊ दे, एक पोरगा तरी कामाला ईल की." आम्ही हा विनोद ऐकत वाढलो. मग त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली आणि हळूहळू परत आली, पण परत आली ती फक्त कन्नड. तीही अडखळत, अर्धी शब्दांत, अर्धी हातांनी. त्यांना पाणी हवं आहे, कूस बदलायची आहे की उगाच कुणीतरी जवळ बसायला हवं आहे, हे भावाला कळतं. मला बाजारापुरतं कन्नड येतं. मी बेळगावात एका मराठी वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करतो आणि सुट्टीला गावी जातो.

तेव्हा कार्डाची निवड मी बातमीसारखी केली. कागदावर दोन रकाने केले. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. प्रत्येक आकडा दोन ठिकाणांहून तपासून घेतला. वेग उजवीकडे जास्त. वीज उजवीकडे बरीच कमी, आणि आमच्या गावात वीज जाते, मशिन यूपीएसवर चालवावं लागतं, म्हणून ही बाब मला मोठी वाटली. तापणंही उजवीकडे कमी. मेमरी मात्र डावीकडे जास्त, आणि मेमरीकडे जाणारा मार्गही डावीकडेच रुंद. चाचण्या पाहिल्या तर उजवीकडचं कार्ड जवळजवळ सगळीकडे पुढे होतं. या चाचण्या बहुतेक गेम चालवून घेतलेल्या होत्या. भाऊ गेम खेळत नाही.

त्याच्या कामात सगळं दृश्य कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. भिंती, पडदे, झाडं, काचेवरचा उजेड, सगळं. मावलं नाही तर वेग असून उपयोग नाही. हे मला माहीत होतं. किती मावायला लागतं, हे त्यालाच माहीत. म्हणून दुकानातून फोन लावला.

"आठ जीबी पुरंल न्हवं रं?"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. आप्पांचा आवाज, मग भावाचा, कन्नडमध्ये. मग तो फोनजवळ आला आणि म्हणाला, "साकाक्कैती, अण्णा." फोन बंद झाला.

साकाक्कैती म्हणजे पुरेल. दिवसभर आप्पांशी बोलून त्याच्या तोंडी कन्नडच बसलं होतं, माझ्याशी मराठीत बोलतानाही मधूनच तेच यायचं. मी उजवीकडचं खोकं पुढे सरकवलं.

"बरं केलासा," दुकानदार म्हणाला. "जुनं म्हंजे म्हातारा बैल. वैरण लई, चाल कमी. पण सील फोडलं की परत न्हाय हं, आधीच सांगतो."

सुट्टीच्या दिवशी गावी जाऊन कार्ड बसवलं. भावाचं एक जुनं काम चालवून पाहिलं. पूर्वी चहा करून पिईपर्यंत थांबावं लागायचं, ते बघता बघता झालं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता. मग त्याने स्टुडिओचं नवं दृश्य उघडलं. हॉटेलचा दर्शनी दिवाणखाना, उंच छत, कुंड्यांतली झाडं. चित्र उमटू लागलं, थांबलं, आणि मेमरी संपल्याची सूचना आली. दृश्य हलकं करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"ह्याला बारावालं पायजे हुतं," तो म्हणाला.

"तूच म्हणालास की पुरंल म्हणून."

"मी? कवा?"

"फोनवर. साकाक्कैती म्हणालास."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "साकागैती म्हटलो, अण्णा. आप्पांनी ताट उलथलं हुतं. तुझं आठ का बारा, ते मला ऐकूच आलं न्हाय."

साकाक्कैती म्हणजे पुरेल. साकागैती म्हणजे पुरे झालं, जीव मेटाकुटीला आला. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. छापलेलं असतं तर तो माझ्या नजरेतून सुटला नसता.

"कन्नड शाळेत तू जायाला पायजे हुतास," भाऊ म्हणाला आणि हसला. "आप्पा म्हणायचे ते खरं झालं बघ. सरकार कुठलंच बदललं न्हाय, पण कन्नडवाला पोरगा त्यांच्याच कामाला आला."

मी म्हणालो, "दुकानदाराशी बोलतो. न्हायतर दुसरं घेतो. बाराचं आणतो."

"नगं आणू."

"का?"

"बारा आणलंस तर मला हितंच बसाय लागंल."

त्याने मशिन बंद केलं. आतून आप्पांनी हाक मारली. नेहमी तो उठायचा. त्या दिवशी तो खुर्चीतून हलला नाही, आणि मी आत गेलो.

बाराचं कार्ड आणलं नाही. भाऊ आता बेंगळूरला असतो. मशिन त्याच्या टेबलावर आच्छादन घालून ठेवलेलं आहे. मी डेस्कवरचं काम गावातून करण्याची परवानगी घेतली. दिवसभर एक बाई मदतीला येते, तीही मराठीच. आप्पा काही म्हणाले आणि मला अर्थ लागला नाही, की मी भावाला फोन लावून तो आप्पांच्या तोंडाजवळ धरतो. भाऊ पलीकडून सांगतो, उशी वर कर, खिडकी लाव, काही नको, नुसता बस.

कधी तो कामात असतो, फोन उचलत नाही. काल तसंच झालं. भात ताटात अर्धा होता. आप्पा एक शब्द बोलले, त्यातलं 'साका' ऐकू आलं, पुढचं निसटलं. मी घास हातात तसाच धरून म्हणालो, "इन्नोम्मे हेळ्री, आप्पा." पुन्हा सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं.