मुकादम अचानक सुधारला, पण का?

कोड माझा, चित्रं माझी, खलनायकाच्या बुटांची करकरसुद्धा माझ्याच सेफ्टी शूजची. चाकणला शिफ्ट सांभाळत, एकही क्लास न लावता हा गेम मी बनवलाय.

आज हिंजवडीजवळच्या माणमधल्या एका कंपनीचा फोन आला. गेम विकत घेतो म्हणाले. फक्त शेवटच्या लेव्हलला दुष्ट मुकादमानं अचानक प्रेमळ होऊन हिरोला मिठी मारायची.

जेवणाच्या सुट्टीत हा शेवट क्वालिटीच्या शिंदेभाऊंना सांगितला. पार्ट बिघडला की पाच वेळा 'का' विचारायची त्यांची सवय.

"मुकादम का सुधारला?"

"हिरोनं माफ केलं."

"का केलं?"

"मुकादम सुधारला म्हणून."

"भावा, दुसऱ्याच 'का'ला रिजेक्ट!"

अख्खं टेबल हसलं, मीही. मग कंपनीला नकार कळवला.

तुम्हाला पटला असता का असा मुकादम? त्या एका मिठीचे दोन लाख चाळीस हजार देत होते, राव.