आणून द्यायचं देणं

"हा मेमो मराठीत करा आणि किसनची सही घ्या," मॅनेजर म्हणाले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शिरूरजवळच्या कारखान्यात मी जर्मन भाषेची दुभाषी होते. किसनमामा जवळच्याच निमोणे गावचे, ग्राइंडिंग मशीनचे ऑपरेटर. मशीनचं बेअरिंग जळालं होतं. बिघाड कळवला नाही म्हणून मामांना कामावरून काढायचं होतं. मेमो जर्मन इंजिनिअर वेबर यांनी लिहिला होता. त्यातल्या एका शब्दाशी मी थांबले. त्यात लिहिलं होतं : माहिती ही 'ब्रिंगशुल्ड' असते.

'शुल्ड' म्हणजे देणं. अपराधही. 'करायला हवं' सांगणाऱ्या जुन्या क्रियापदातून तो आला. आधी 'आणणे' जोडलं की देणाऱ्याने नेऊन पोचवायचं देणं. 'होलशुल्ड' म्हणजे घेणाऱ्याने येऊन न्यायचं. जर्मनमध्ये जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं; 'शुल्ड' स्त्रीलिंगी, म्हणून दोन्ही स्त्रीलिंगी. चालायचं कुणी, हे एका शब्दात! लहानपणापासून घरी येणारी कामगार हक्कांची पत्रकं वाचली, पण इतकं नेमकं कुठेच नव्हतं.

मामांना मी तो शब्द समजावला. ते हसले.

"हाय की आमच्यात! आज्जा खतासाठी दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवायचा. त्याचं धान्य शेतकरी तळावर आणून द्यायचा. आज्जा मागाय गेला न्हाई कवा."

मी थक्क झाले. मला ज्याला मराठी शब्द सापडत नव्हता, ते हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळत होते.

"मग मामा, बेअरिंगचं साहेबांना का नाही सांगितलं?"

"वहीत लिवलंय की ताई."

"केबिनमध्ये जायचं ना."

"बोलावल्याबिगर? आन् ती वही काय देवाला वाहायची व्हय?"

वही कारखान्यानेच मशीनला सुतळीनं टांगलेली होती. पाच दिवस एकच ओळ : 'बेअरिंग वाजतंय.' वर छापलेलं : 'सुपरवायझरने रोज मशीनवर येऊन तपासून सही करावी.' सहीचा रकाना कोरा.

वही घेऊन मी थेट वेबरकडे गेले. सगळ्या ओळी वाचून दाखवल्या.

"तुमच्याच नियमाने ही होलशुल्ड आहे," मी म्हणाले.

"तुमचं काम भाषांतराचं," तिथेच बसलेले मॅनेजर गुरकावले.

"तेच करतेय."

वेबर यांनी कोरा रकाना पाहिला. मग त्यांनी मेमो फाडला.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः सकाळी मशीनवर येऊन सही करू लागले. मामा लांबूनच म्हणायचे, "आलं बगा न्यायला!"

त्यातून मी एवढंच शिकले : वही टांगली की ती वाचायचं देणं टांगणाऱ्यावर येतं.