रिकामा मिक्सर

“कोणाला सांगू नको बरं,” म्हणत ताई आधी दाराकडे बघायच्या आणि मग जे सांगायच्या त्यात लपवण्यासारखं काही नसायचंच. कँटीनमधलं बटाट्याचं सॅलड आपल्याला मनापासून आवडतं. बॉसचं इथलं गावठी जर्मन आपल्याला अजूनही ओ की ठो कळत नाही, आपण नुसतं “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत मान हलवतो. असली गुपितं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना साधं सुख झालं तरी चोरी केल्यासारखं वाटतं.

मी लुडविग्सहाफेनला नोकरीला आले तेव्हा ताई तिथल्या रसायनांच्या कारखान्यात चांगल्याच मुरलेल्या होत्या. प्रयोगशाळा एक, टेबलं शेजारी, घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. त्या नागपूरच्या, मी नाशिकची. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी गुपितं ठेवायला त्यांनी मलाच निवडलं. बहुधा आम्ही रोज एकाच ट्रामने घरी जायचो म्हणून असेल.

महिन्यातून एका रविवारी आसपासची आम्ही बौद्ध मंडळी ताईंच्या घरी जमायचो. वाल्डॉर्फहून सॉफ्टवेअरवाले यायचे, हायडेलबर्गहून एखाद-दुसरा संशोधक यायचा. बुद्धवंदना ताई सांगायच्या आणि आम्ही मागून म्हणायचो. लहानपणी नागपूरच्या विहारात वडिलांनी त्यांच्याकडून सगळं घोटून घेतलेलं. एरवी कुजबुजणाऱ्या या बाईचा आवाज तेव्हा असा खणखणीत लागायचा की खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाईही जिन्यात भेटल्या की कौतुक करायच्या.

एका रविवारी पंचशीलातल्या पहिल्याच शीलाला तो आवाज गेला. प्राण्याचा जीव घेण्यापासून मी दूर राहीन, ही ती ओळ. ताईंचे ओठ हलत होते, पण त्यातून काही बाहेर पडत नव्हतं. ओळ सगळ्यांच्याच तोंडची असल्यामुळे बाकीच्यांनी ती आपोआप म्हटली आणि दुसऱ्या शीलापासून ताई पुन्हा सुरात आल्या. मला वाटलं, खोकला आला असेल. पुढच्या महिन्यातही त्याच ओळीला तेच झालं, तेव्हा मी ट्राममध्ये त्यांना सरळ विचारलं.

“कोणाला सांगू नको बरं,” त्या म्हणाल्या. ट्रामला दार होतं, तिकडे त्यांनी पाहिलंही. “घरी साप आहे.”

त्यांची मुलगी हॅम्बुर्गला शिकायला गेली होती. जाण्याआधी एका मैत्रिणीकडून तिने सापाचं पिल्लू आणलं होतं. केशरी रंगाचं, पेन्सिलीएवढ्या जाडीचं, बिनविषारी. त्याचं नाव तिने ठेवलं होतं नूडल. हॉस्टेलमध्ये प्राणी चालत नव्हते, म्हणून काचेची पेटी, दिवा आणि नूडल आईच्या गळ्यात. ताईंना वाटलं, कोबीची पानं वगैरे खात असेल. ते उंदरांची नुकती जन्मलेली पिल्लं खायचं. तीही जिवंत. मैत्रिणीने तशीच सवय लावली होती.

“मग देऊ नका,” मी आपलं फटकन म्हटलं.

“हाव, नाही देत. मग तो मरेल. उपाशी मारला तरी जीवच जातो नं?”



एका शनिवारी मी त्यांच्याबरोबर पिल्लं आणायला गेले. दुकान नदीपलीकडे मानहाइमला होतं. आमच्या गावातही एक होतं, पण तिथे कोणी ओळखीचं भेटलं तर? दुकानदार नाखुशीनेच पिल्लं द्यायचा. गोठवलेली न्या, लहान सापाला सवय होते, चांगले लोक तेच करतात, असं तो दर वेळी सुनवायचा. हे “चांगले लोक” ताईंना फार लागायचं. परतताना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा डबा त्यांच्या मांडीवर होता. नेमके ट्राममध्ये वाल्डॉर्फचे, मराठी मंडळातले कुलकर्णी चढले. “काय ताई, केक का?” त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, “हो.” डब्यातून चीं चीं आवाज आला तशी मी जोरजोरात खोकायला लागले. कुलकर्णी उतरेपर्यंत मला घशाच्या औषधांबद्दल सल्ले ऐकावे लागले. ताई एकदाही हसल्या नाहीत. डब्याच्या झाकणावर त्यांनी तळहात ठेवला होता, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

घरी आल्यावर त्यांनी उंदराचं पिल्लू पेटीत सोडलं, खोलीचं दार लावलं, स्वयंपाकघरात आल्या आणि मिक्सर लावला. भांड्यात काहीच नव्हतं. रिकामा मिक्सर घरघरत राहिला आणि ताई सिंककडे तोंड करून उभ्या राहिल्या. दर शनिवारी त्या हेच करत होत्या. खालच्या आजीबाईंना वाटायचं, भारतीय लोक शनिवारी चटणी करतात.

“वैशाख पौर्णिमेच्या आत हे बंद व्हायला पाहिजे,” मिक्सर थांबवून त्या म्हणाल्या. पौर्णिमेला मोठा कार्यक्रम असायचा, फ्रँकफर्टपासून लोक यायचे आणि पंचशील ताईच द्यायच्या. “एवढ्या लोकांना मी कोणत्या तोंडाने देऊ ते? मला लाज वाटते गं. विहारात वडील माझ्याकडे बघायचे नं, तसंच कोणीतरी बघते असं वाटते.”

मग गोठवलेली पिल्लं आली. फ्रीझरमध्ये ती क्वार्कच्या, म्हणजे इथल्या चक्क्यासारख्या दह्याच्या, रिकाम्या डब्यात राहायची. आता इथल्या मराठी घरात क्वार्कचा डबा म्हणजे श्रीखंड, हे तुम्ही ओळखलंच असेल. त्या महिन्याच्या रविवारी एका पाहुणीने बर्फासाठी फ्रीझर उघडला आणि “अय्या, श्रीखंड!” म्हणत डबा बाहेर काढला. गुडघे दुखतात म्हणून खाली न बसणाऱ्या ताई सोफ्यावरून अशा उठल्या की काय सांगू. डबा छातीशी धरून म्हणाल्या, “खराब झालंय.” पाहुणी म्हणाली, “मग टाका की.” ताईंनी तो परत आत ठेवला. त्या दिवसानंतर ताई कंजूष आहेत, असं मंडळींत ठरलं. डब्यात काय आहे ते मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या पोटात राहिलेली ती पहिली गोष्ट असावी.

नूडल मात्र मेलेल्या पिल्लाकडे ढुंकून बघायला तयार नव्हता. ताई लांब चिमट्यात धरून ते त्याच्यापुढे नाचवायच्या. तो जवळ यायचा, जीभ लपलपवायचा आणि तोंड फिरवून लाकडाखाली जायचा. मुलगी फोनवर होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची जर्मन. “मामा, गेडुल्ड!” म्हणजे आई, धीर धर. ताई धीर धरत होत्या, पण साप दिवसेंदिवस बारीक दिसत होता आणि पौर्णिमा जवळ येत होती. दोनदा न राहवून त्या पुन्हा मानहाइमला जाऊन आल्या. त्या दोन्ही शनिवारी मिक्सर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला, असं आजीबाईंनीच मला जिन्यात सांगितलं.

शेवटी मी म्हटलं, एकदा मला बघू द्या तुम्ही काय करता ते. ताईंनी संकोचत डबा काढला. पिल्लू कोमट पाण्यात ठेवून त्याची थंडी घालवली. इथपर्यंत सगळं पुस्तकी होतं. मग त्यांनी कपाटातून लहान मुलांचा साबण काढला आणि बोटाच्या पेरावर ते इवलंसं पिल्लू धरून त्याला साबण लावायला लागल्या. पाठीला, पोटाला, पायांच्या मध्ये. मग पाणी घालून मऊ फडक्याने टिपलं.

मला हसू फुटलं. “अहो ताई, ते काय रश्श्याचं चिकन आहे का धुऊन घ्यायला? सापाला वासावर कळतं. तुम्ही त्याला अत्तर लावून वाढताय!”

ताईंनी मान वर केली नाही. “धूत नाही गं,” त्या म्हणाल्या. “आंघोळ घालते. मेलेल्या माणसाला आपण नाही का घालत? याला कोण घालणार?”

माझं हसू जिथल्या तिथे मेलं. रश्श्याचं चिकन हे माझे शब्द त्या स्वयंपाकघरात तसेच पडून राहिले आणि मला ते उचलताही येईनात. मी नळ उगाचच सोडला आणि बंद केला.

मग म्हटलं, “आंघोळ घाला. फक्त साबण नको.”

“बिनासाबणाची?”

“पाण्याची. कोमट. त्याला ऊबही मिळेल आणि वासही राहील.”

त्यांनी दुसरं पिल्लू काढलं. या वेळी नुसत्या पाण्याने, पुन्हा तेवढ्याच सावकाश, आंघोळ घातली. मी चिमटा धरला. नूडल पुढे आला, थांबला, आणि मग एका झटक्यात त्याने ते धरलं. मिक्सर लावायची गरज नव्हती. घरात काहीच आवाज झाला नाही. दुखरे गुडघे विसरून ताई काचेपाशी उकिडव्या बसून ते शेवटपर्यंत बघत राहिल्या. पहिल्यांदाच त्यांनी ते पाहिलं होतं.

त्यानंतर नूडल प्रत्येक वेळी खायला लागला. मुलीने फोनवर आनंदाने आरडाओरडा केला. मानहाइमच्या दुकानदारानेही शाबासकी दिली म्हणे. मी पौर्णिमेची वाट बघत होते.

हॉल भरलेला होता. ताईंनी पांढरी साडी नेसली होती. त्रिशरण खणखणीत झालं. मग पहिलं शील आलं आणि ताईंचे ओठ नुसते हलले. इतक्या लोकांच्या आवाजात कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी समोरच होते.

भांडी घासताना मी चिडूनच विचारलं, “आता का? आता तर तो जिवंत खात नाही!”

“हाव,” ताई म्हणाल्या. “पण कोणीतरी मारतेच नं त्या पिल्लाले. माझ्या घरी होत नाही, एवढंच.” हातातलं ताट त्यांनी पुसून ठेवलं. “दुसऱ्या कोणाच्या तरी घरी मिक्सर चालू असेल.” मग दाराकडे बघून म्हणाल्या, “कोणाला सांगू नको बरं.”

निवृत्तीनंतर ताई नागपूरला परत गेल्या. मुलगी एव्हाना देशोदेशी फिरणाऱ्या नोकरीत होती, म्हणून काचेची पेटी माझ्याकडे आली. निघताना ताईंनी मला बाकी काही सांगितलं नाही. फक्त नळ सोडून आपल्या मनगटावर पाणी घेतलं, मग माझ्या मनगटावर घातलं. एवढं कोमट.

नूडल आता माझ्या हातापेक्षा लांब आहे. शनिवारी मी त्याच्यासाठी उंदीर काढते, आंघोळ घालते, साबण लावत नाही. सुरुवातीला मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, हे कबूल करते. रविवारची मंडळी आता माझ्या घरी जमतात आणि वंदना मी सांगते. परवा पहिल्या शीलापाशी आले आणि माझा आवाजच फुटेना. तोंड हलवत राहिले.

नुकतीच नोकरीला आलेली एक मुलगी शेजारी बसली होती. तिने वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

वंदना झाल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. आधी दाराकडे पाहिलं आणि म्हटलं, “कोणाला सांगू नको बरं.”