जागा धरणारी पुस्तकं

ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाकडे पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात, हे तुम्हाला पटणार नाही. पुस्तकांना नंबर असतो, कपाट असतं, अधूनमधून कुणी धूळही झटकतं. किस्से नुसतेच साठत जातात. आणि माझी पंचाईत अशी की ते सांगायचे कुणाला? झाशीत मराठीतून सांगावं तर ऐकणारं कोण, आणि हिंदीतून सांगितले की माझं मलाच हसू येत नाही! आज तुम्ही बरे सापडलात.

मी इथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काउंटरवर असते. माहेर सातारा जिल्ह्यातलं. नवऱ्याची नोकरी इथल्या इंजिनिअरिंग कंपनीत, म्हणून लग्न झाल्यावर आले आणि इथलीच झाले. भाजीवाला 'दीदी' म्हणतो, शेजारीण 'भाभीजी' म्हणते. माझा मुलगा 'आई' एवढं मराठीत म्हणतो आणि पुढचं अख्खं वाक्य हिंदीत बोलतो.

आमच्याकडे एक मराठी कपाट आहे. खंडेराव गेटकडच्या जुन्या मराठी घरांतून आलेली पुस्तकं. पुढच्या पिढीला वाचता येईना, घरात जागा उरेना, तेव्हा लोकांनी ती आणून दिली. आतल्या पानावर कुठे 'चि. सौ. कुसुम हिस, मंगळागौरीनिमित्त, आत्याकडून' असं लिहिलेलं. नोकरीला लागल्यापासून माझी एकच इच्छा आहे. कुणीतरी विद्यार्थ्याने यावं आणि या कपाटातल्या एखाद्या पुस्तकाबद्दल मला काहीतरी विचारावं. प्रमोशन मिळालं, नवा कॉम्प्युटर मिळाला, हे काही मिळेना.

*

माझ्या काउंटरवर पाटी आहे: 'जानकारी के लिए यहाँ पूछें'. मुलं विचारतात, नाही असं नाही. वायफायचा पासवर्ड विचारतात, झेरॉक्स विचारतात, 'चार्जर है क्या मैडम' विचारतात. एकदा एका मुलीने 'मैडम, ये सूट का कलर मुझ पर अच्छा लग रहा है?' असंही विचारलं. मी म्हटलं, चांगला दिसतोय. जानकारी ती जानकारी!

एक नवा मुलगा मात्र सगळ्यांवर कडी करून गेला. आत आला, कपाटांच्या रांगांमधून हात मागे बांधून फिरला, परत आला आणि हळूच म्हणाला, "मैडम, ये इतनी सारी किताबें किसकी हैं?"

मला भरून आलं. म्हटलं, "बेटा, ये सब आपकी हैं."

तो घाबरला. "नहीं नहीं मैडम, मैं तो अपनी साथ लाया हूँ!"

*

त्याची काही चूक नव्हती. हल्ली ग्रंथालयात येतात ते पुस्तकासाठी नाही, खुर्चीसाठी. सगळे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे. पुस्तकं स्वतःची, नोट्स मोबाईलमध्ये. आमच्याकडून पाहिजे ती फक्त शांत जागा, पंखा आणि प्लग.

आमचे सक्सेना सर, म्हणजे मुख्य ग्रंथपाल, दरवर्षी नव्या मुलांना पडद्यावर चित्रं दाखवून ऑनलाइन सेवा समजावून सांगतात. एकदा ते फार रंगात आले. जगभरातली जर्नल्स, ई-बुक्स, सगळं तुमच्या घरी, तुमच्या फोनवर, लायब्ररीत यायचीसुद्धा गरज नाही! "कोई सवाल?" असं विचारून त्यांनी रुमालाने घाम पुसला.

मागून एक हात वर आला. "सर, जिनको घर पर सब मिल गया, वो यहाँ नहीं आएँगे न? तो उनकी सीट हमें मिल जाएगी?"

हॉलमध्ये सगळ्यात जोरात टाळ्या या प्रश्नाला पडल्या.

हसू आलं खरं, पण नंतर त्या मुलाशी बोलले. तो बिजौलीचा, घराला लागूनच कारखाना. म्हणाला, "मैडम, हमारे यहाँ दिन भर ठक-ठक चलती है. यहाँ आकर पहले थोड़ी देर तो मैं सन्नाटा ही सुनता हूँ." त्याला कुठलं जर्नल दाखवू?

*

खुर्च्या कमी पडायला लागल्या तसा सक्सेना सरांचा डोळा मराठी कपाटावर गेला. त्या जागेत चार मुलं बसतील, पुस्तकं गोदामात टाकू, असं त्यांचं म्हणणं. गोदाम म्हणजे काय ते मला माहीत आहे. तिथे गेलेल्या पुस्तकांना वाळवी सोडून वाचक मिळत नाही.

मी हात जोडले. सर तसे भले माणूस आहेत. म्हणाले, "देशपांडे मैडम, इस साल कोई पढ़ने वाला दिखा दीजिए, अलमारी रख लेंगे."

मी वाचक शोधायला लागले. एक दिवस एका कार्डावर नाव दिसलं, शिंदे! वडील फौजेत, बबीनाला पोस्टिंग. मला आकाश ठेंगणं झालं. म्हटलं, "अरे, तुम्ही कुठले? कराडकडचे का?"

पोरगं एक पाऊल मागे सरलं. "मैडम प्लीज़, हिंदी में. घर पर मम्मी भी यही करती हैं!"

मी सोडते होय! विचारलं, समजतं तरी ना? म्हणाला, "समझ सब आता है, बस बोला नहीं जाता." मग मी त्याला कपाटापाशी नेलं, एक छान पुस्तक काढून हातात दिलं. त्याने ते आईच्या हातचा डबा घ्यावा तसं दोन्ही हातांनी घेतलं, उलटंपालटं केलं आणि फार आदराने विचारलं, "मैडम, ये एग्ज़ाम में आएगा क्या?"

मी पुस्तक परत कपाटात ठेवलं.

*

आता जागा धरण्याचा किस्सा. चहाला जाताना खुर्चीवर काहीतरी ठेवून जायचं, ही रीडिंग रूमची पद्धत. रुमाल ठेवला तर तो उडायचा, बाटली ठेवली तर कुणीतरी ती सरळ बाजूला सरकवायचा. हेल्मेट ठेवून पाहिलं. एका बहाद्दराने एक चप्पल खुर्चीवर ठेवली आणि दुसरी पायात घालून लंगडत चहाला गेला. येऊन पाहतो तो खुर्चीवर दुसराच बसलेला आणि चप्पल दाराबाहेर!

मग दतिया गेटकडून येणाऱ्या रचना नावाच्या मुलीने नामी युक्ती काढली. तिने ग्रंथालयाचंच एक पुस्तक उघडून खुर्चीवर पालथं ठेवलं. उघडं पुस्तक कुणी हलवेना! कुणीतरी वाचत असेल, आत्ता येईल, असं प्रत्येकाला वाटायचं. अभ्यास करणाऱ्या पोरांमध्ये एवढी माणुसकी असते.

आठवड्याभरात सगळ्यांनी ती युक्ती उचलली. आणि दाराला सगळ्यात जवळचं कपाट कुठलं, तर मराठी!

दुपारी मी रीडिंग रूममध्ये डोकावले तर माणूस एक नाही, आणि खुर्च्याखुर्च्यांवर मराठी पुस्तकं पालथी पडलेली. लांबून बघितलं तर वाटावं, सगळं गाव मराठी वाचता वाचता जरा उठून गेलंय. मी बराच वेळ दारात उभी राहिले. खोटं होतं ते, पण बघायला फार बरं वाटलं.

*

आमच्याकडे नियम असा की संध्याकाळी टेबलाखुर्च्यांवर राहिलेली पुस्तकं गोळा करायची, कपाटात लावण्यापूर्वी मशिनवर धरायची. कॉम्प्युटर समजतो, हे पुस्तक आज इथे बसून वाचलं गेलं. शिपाई रोज इमानेइतबारे मराठीचे ढीग मशिनवर धरत होता. मला हे ठाऊक होतं, पण त्याचं पुढे काय होईल हे काही डोक्यात आलं नाही.

वर्षअखेरीला कमिटीची मीटिंग बसली. सर्वाधिक वाचला गेलेला विभाग, मराठी! कायदा मागे, फिजिक्स मागे, हिंदीसुद्धा मागे. कुलगुरूंनी चष्मा काढून पुसला. एक बुजुर्ग सदस्य गहिवरून म्हणाले, "क्यों न हो साहब, आख़िर झाँसी है!"

मीटिंग संपल्यावर मी सक्सेना सरांना गाठलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. सर, कुणी वाचत नाही हो, नुसत्या जागा धरतात.

सर जिन्यात थांबले. म्हणाले, "मैडम, बाक़ी किताबें तो लोग सीट रोकने के लिए भी नहीं उठाते."

कपाट राहिलं. मी पेढे वाटायला हवे होते. पण घरी येऊन चहा टाकला आणि उभ्या उभ्या रडू आलं. नवरा म्हणाला, "अगं, राहिलं ना तुझं कपाट?" मला कपाट नको होतं. मला कुणीतरी विचारणारं हवं होतं.

*

या कीर्तीचा त्रासही झाला. बाहेरून तपासणीला माणसं आली, त्यातल्या एका साहेबांना मराठीवर चाललेलं हे प्रेम बघायचं होतं. ते थेट रीडिंग रूममध्ये शिरले. खिडकीपाशी रचना नुकतीच चहाहून येऊन बसलेली, जागा धरायचं पुस्तक अजून हातात.

"क्या पढ़ रही हैं?"

"सर, मराठी नॉवेल," रचना म्हणाली. हुशार पोरगी! पण साहेब वस्ताद निघाले.

"अच्छा! थोड़ा सुनाइए."

सक्सेना सरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. रचनाने पहिलं पान काढलं. अक्षरं तर तीच, हिंदीतली. वाचायला लागली. 'ळ' आला की अडखळायची, 'ल' म्हणून पुढे जायची. चाल सगळी इथल्या बुंदेली बोलीची, आणि शब्द आमचे. गोष्टीतली बाई पहाटे उठून पेटी भरत होती, खूप वर्षांनी माहेरी निघाली होती. साहेबांनी मान डोलावली, 'वेरी गुड' म्हणाले आणि पुढे गेले. त्यांच्यामागून सगळे गेले. मी जाताना मागे वळून बघितलं, तर रचना अजून पुस्तकात बघत होती. मी म्हटलं, साहेब परत येतील या भीतीने असेल.

*

आणि आता शेवटचा. हा मी अजून कुणालाच सांगितलेला नाही.

सत्र संपत आलं की काउंटरवर झुंबड असते. पुस्तकं जमा करायची, सही-शिक्का घ्यायचा, सगळ्यांना घाई. अशाच एका दुपारी रांग दारापर्यंत गेलेली. रचनाचा नंबर आला. तिने साहेबांपुढे वाचलेलं ते पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

मी मशिनवर धरायला उचललं, तर तिने त्यावर हात ठेवला. "मैडम, इसके आख़िर के पन्ने नहीं हैं."

उघडून बघितलं. खरंच, शेवटची पानं गळून गेलेली. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण शेवटपर्यंत कुणी गेलंच नव्हतं.

"आधा तो समझ में नहीं आया मैडम," ती म्हणाली, "फिर भी पढ़ लिया. वो बस से उतर गई है, फाटे पर. शाम हो रही है. आगे क्या हुआ?"

मी हातातला शिक्का बाजूला ठेवला. मग म्हटलं, ही कादंबरी मी कॉलेजात असताना वाचली आहे. तेवढं खरं होतं. शेवट मात्र मला आठवत नव्हता. ती घरी पोचते, की वाटेतून परत फिरते, की दार उघडायला कुणी नसतं, काही म्हणजे काही आठवेना. तरी मी सांगायला सुरुवात केली.

हिंदीत सुरुवात केली. फाट्यावर एक चहाचं हॉटेल आहे, तिथून उजवीकडे वळायचं. पुढे पिठाची गिरणी, तिच्या भिंतीला कायम पांढरी धूळ. मग ओढा. ओढ्यात पाणी असेल तर चपला हातात घ्यायच्या. पलीकडे बाभळी, मग चढ. गिरणी मागे पडेपर्यंत मला कळलं, मी तिला आमच्या गावच्या रस्त्याने नेते आहे. ओढा ओलांडेपर्यंत माझं हिंदी सुटलं होतं आणि मी मराठीत बोलत होते. रचनाने मला अडवलं नाही. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून ती ऐकत होती.

वडील गेल्यावर आमचं घर विकलं. त्या रस्त्याने जायला मला आता कारण उरलेलं नाही. म्हणून मी तिला घाई करूच देईना. चढावर दम घ्यायला लावलं. विहिरीपाशी ओळखीची बाई भेटवली, 'कवा आलीस गं?' म्हणून विचारायला लावलं. वळणावर उभं केलं, जिथून आमचं दार दिसतं.

मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली होती. कुणीतरी घड्याळ बघितलं, कुणीतरी खाकरलं. शेवटी एका मुलाने न राहवून हात पुढे केला, "मैडम, जरा जल्दी कर दीजिए, हमें ट्रेन पकड़नी है. घर जाना है."

रचनाने माझ्यावरची नजर हलवली नाही. तशीच, मागे न बघता म्हणाली,

"तनक ठहर जाओ भैया. वो अबै घर नईं पौंची."