चांगले चार दात

माझे चार दात फुकट गेले. किडलेले नव्हते, हलत नव्हते, चांगले खणखणीत होते. पुढचे दात मागं न्यायला जागा लागते म्हणून राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांनी ते काढले, वरचे दोन आणि खालचे दोन, आणि मी ते हौसेनं काढून घेतले. त्या हौसेचीच मला आता चीड येते.

माझे दात पुढं होते. थोडेथोडके नव्हे, ओठ मिटायला जोर लावावा लागायचा. शाळेत मला फावडी म्हणायचे. पुढं पुढं तर कसबा बावड्याच्या रस्त्यावर मागून कुणी ‘ए फावडे’ म्हणून ओरडलं की मी वळून ‘काय?’ म्हणायची, इतकं ते नाव अंगवळणी पडलं होतं. घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आई म्हणायची, तुझ्या आजीचे पण असेच होते, तिचं काय अडलं? आजीचं अडलं नसेल, माझं अडत होतं. बारावी झाल्यावर मीच वडिलांच्या मागं लागले. कॉलेजात एका मुलीच्या दातांना तारा होत्या, तिच्याकडून डॉक्टरांचा पत्ता घेतला. वडील साखर कारखान्यात टाइमकीपर. महिनाभर त्यांनी कटकट केली, पण शेवटी स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेले. दोन वर्षं लागतील, मध्येच सोडायचं असेल तर आज सुरूच करू नका, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना बजावलं. वडिलांनी मान डोलावली.

दर महिन्याला तार आवळायची आणि पुढचे तीन दिवस भाताचं शीतसुद्धा चावायचं नाही. आई दुधात भाकरी कुस्करून द्यायची. गालाला आतून फोड यायचे. गळीत हंगामात आमच्या भागात येता-जाता प्रत्येकाच्या तोंडात उसाचं कांडं, आणि मी नुसती बघत बसायची. बसमध्ये एका बाईनं सगळ्यांच्या देखत विचारलं, ‘काय गं, पडलीस व्हय कुठं?’ पण खरं सांगते, मला त्याचं काही नव्हतं. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मी काढलेल्या दातांच्या जागेत काडेपेटीतली काडी घालून बघायची. आधी दोन काड्या सहज बसायच्या. दहाव्या महिन्यात दुसरी काडी अडायला लागली. त्या दिवशी मी आईला धरून स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं होतं.

अकराव्या महिन्यात माझ्या आत्यानं स्थळ आणलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्या घरात तिचा शब्द खाली पडत नसे. मुलगा कागलचा, घरची शेती, शिवाय पंचायत समितीत नोकरी. पाहुणे रविवारी बघायला येणार होते. आत्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि वडिलांना म्हणाली की हे लोखंड घालून पोरगी दाखवायची असेल तर मला मध्ये घेऊ नका. तारा बघितल्या की ते विचारणार, का लावल्यात? मग सांगायचं काय, की दात वाकडे होते म्हणून? झाकलेलं आपण होऊन उघडं करायचं व्हय? वडील आधी नाही-नाही म्हणाले. रात्रीपर्यंत हो म्हणाले. एकदा बघून जाऊ देत, मग परत लावू, असं त्यांनी मला समजावलं, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

शनिवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर चिडले. दात काढलेल्या जागा अजून भरल्या नाहीत, आता तारा काढल्या तर जागा तशाच राहतील आणि पुढचे दात परत पुढं येतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आत्या म्हणाली, आमचं आम्ही बघू. डॉक्टरांनी तिच्याकडं लक्षच दिलं नाही. खुर्ची सरळ केली, मला बसतं केलं आणि माझ्याकडं बघून विचारलं,

‘दात तुझे आहेत. तू सांग. काढू का?’

त्या माणसानं मला विचारलं होतं. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात मला असं सरळ कुणी काही विचारलं नव्हतं. वडील खिडकीतून खाली बघत होते. आत्या माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, ‘काढा.’

अर्ध्या-पाऊण तासात सगळं निघालं. जीभ फिरवली तर दात गुळगुळीत. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. येताना मी पोटभर भडंग खाल्लं.

रविवारी पाहुणे यायच्या आधी आईनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हसताना तोंड उघडू नको, बाजूच्या फटी दिसतात. मी अक्षरशः तेच केलं. नाव विचारलं, सांगितलं. शिक्षण विचारलं, सांगितलं. मुलाच्या बहिणीनं काहीतरी गंमत केली, सगळे हसले, मी ओठ दाबून बसले. आठ दिवसांनी निरोप आला की पोरगी घुमी हाय, आमच्या घरात चालायची न्हाय.

मग परत तारा लावायच्या होत्या ना? पण आत्याकडं दुसरं स्थळ तयार होतं. ते गेलं, तिसरं आलं. दर वेळी, आता हे एवढं होऊ दे. दात परत पुढं येऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी रात्री घालायला प्लेट दिली होती, ती चार महिन्यांत बसेनाशी झाली. वर्षाच्या आत पुढचे दात जिथं होते तिथं आले. फरक एवढाच की आता ते विरळ झाले होते आणि बाजूला चार भोकं होती. पुढं लग्न झालं. नवरा चांगला आहे, त्याला दातांचं काही नाही. पण जेवण झालं की मी अजून मोरीत तोंड फिरवून उभी राहते आणि त्या फटींतलं अडकलेलं काढत बसते. रोज, दोन वेळा. रोज दोन वेळा शिव्या देते.

बारा-तेरा वर्षांनी माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला तारा लावायच्या ठरल्या. भावाला सुट्टी नव्हती म्हणून वडील आणि मी तिला घेऊन राजारामपुरीत गेलो. दवाखाना दुसरा, डॉक्टर तरुण. त्यांनीही तेच सांगितलं, चार दात काढावे लागतील, दोन वर्षं लागतील. भाची बारा वर्षांची, जरा घाबरली. वडिलांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले,

‘तुझ्या आत्यासारखं अर्धवट सोडायचं न्हाय बरं का. तिला दम निघाला न्हाय.’

मी डॉक्टरांसमोरच म्हणाले की मी सोडलं नव्हतं, तुम्ही आणि माझ्या आत्यानं तारा काढायला लावल्या होत्या. वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर विषय बदलतील. तसं काही झालं नाही. ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांना काही आठवत नव्हतं.

‘मी कशाला लावीन?’ ते म्हणाले. ‘मीच तर तुला स्कूटरवरनं नेत हुतो की.’

आता या माणसाशी काय भांडणार? खुर्चीतली पोरगी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मग अगदी सहज, पाय हलवत म्हणाली,

‘मग तू नको म्हणायचं होतंस की, आत्या.’

वडिलांचा आणि माझ्या आत्याचा मिळून इतक्या वर्षांत आला नसेल तेवढा राग मला त्या क्षणी त्या पोरीचा आला, कारण ती बरोबर बोलत होती.